नळाला पाणी कोण आणते?

कावेरी नदीच्या काठी पिण्याच्या पाण्याची अडचण भासू शकते काय? प्रश्न थोडा विचित्र वाटेल. पण या पाठात आपण नेमका हाच प्रश्न विचारणार आहोत.

तमिळनाडू राज्याच्या तंजावर जिल्ह्यात कुंभकोणम् हे प्राचीन नगर आहे. त्याच्या उत्तरेकडून कावेरी आणि दक्षिणेकडून अरसलार ही तिचीच शाखा वाहते. नगराच्या नावातच कुंभ, म्हणजे घडा, आहे. प्रलयाच्या पुरात वाहत आलेला अमृताचा घडा येथे येऊन थांबला, अशी कथा तेथे सांगितली जाते. नगराच्या मध्यभागी महामहम् नावाचा विस्तीर्ण तलाव आहे. दर बारा वर्षांनी त्यात स्नानासाठी लाखो लोक जमतात. २०१६ साली असा सोहळा झाला होता.

मराठी माणसाला हा प्रदेश परका नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी सतराव्या शतकात तंजावरला भोसल्यांचे राज्य स्थापन केले व ते १८५५ पर्यंत टिकले. एकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी कुंभकोणम्‌जवळचे तिरुविशनल्लूर हे गाव विद्वानांना अग्रहार म्हणून दिले. त्यावरून त्याला शहाजीराजपुरम् असेही नाव पडले. याच गावातील श्रीधर अय्यावाळ या सत्पुरुषाच्या घरच्या विहिरीत गंगा अवतरली, अशी भाविकांची श्रद्धा आहे. आजही ठरावीक अमावास्येला त्या विहिरीवर स्नानासाठी रांगा लागतात.

गंगा ज्या परिसरात विहिरीत येते, तेथे नळात पाणी का येऊ नये?

याचे उत्तर शोधण्यासाठी कुंभकोणम् परिसरातील एखादे गाव डोळ्यांसमोर आणा. गावाचे नाव महत्त्वाचे नाही. भोवती भाताची खाचरे आहेत, कालव्यांचे जाळे आहे. गावाच्या मधोमध सिमेंटचा उंच जलकुंभ आहे. कूपनलिकेतून मोटारीने पाणी उपसून ते जलकुंभात चढवले जाते आणि सकाळ-संध्याकाळ नळांना सोडले जाते. काही घरांत स्वतःची नळजोडणी आहे, तर काही ठिकाणी गल्लीच्या तोंडाशी नळकोंडाळे आहे व तेथे रंगीबेरंगी प्लॅस्टिकच्या घागरींची रांग आहे. हे चित्र महाराष्ट्रातील कोणत्याही गावात शोभेल असेच आहे.

आता या साध्या व्यवस्थेत किती जणांचा हात आहे, ते पाहू. कूपनलिका कोठे खणावी हे भूजलशास्त्रज्ञ सांगतो. योजनेचा आराखडा तमिळनाडू पाणीपुरवठा व जलनिस्सारण मंडळाचे अभियंते करतात. हे मंडळ १९७१ पासून काम करीत आहे. आपल्याकडील महाराष्ट्र जीवन प्राधिकरणासारखेच ते समजावे. एकाच गावापुरती योजना असेल, तर ती बांधून झाल्यावर ग्रामपंचायतीच्या ताब्यात दिली जाते. मोटार चालवणारा व पाणी सोडणारा कर्मचारी पंचायतीचा असतो, वीज विद्युत महामंडळाची असते आणि विजेचे देयक पंचायतीला भरावे लागते. पंचायत संघ म्हणजे आपल्याकडील पंचायत समिती. तिचे अधिकारी निधी व तांत्रिक मान्यता देतात. ज्या भूजलातून हे पाणी येते, त्याच भूजलावर भोवतालचे शेतकरी भात पिकवतात. आणि शेवटी, किंबहुना सर्वांच्या आधी, घागर भरणारी बाई आहे. नळ आला की नाही, किती वेळ आला, पाण्याला वास होता काय, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

ज्यांचे हित किंवा अहित एखाद्या कामात गुंतलेले असते, त्या सर्वांना त्या कामातील ‘हितसंबंधी घटक’ असे म्हणतात. आपल्या बोलण्यात ‘हितसंबंध’ या शब्दाला थोडा वाईट वास आहे. येथे मात्र तो सरळ अर्थाने घ्यायचा आहे.

ग्रामपंचायत हा या साखळीतील सर्वांत लहान दुवा आहे. तिच्याकडे पैसा कमी, माणसे कमी, तंत्रज्ञान तर नाहीच. तरीही पाणी आले नाही की लोक तिच्याच दारात येतात. १९९३ साली अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक दर्जा दिला. तिच्यासोबत घटनेला जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय आहेत आणि त्यांत पिण्याचे पाणी हा एक विषय आहे. कागदावर जबाबदारी मिळाली. पण भूजल, वीज, निधी, आराखडा यांपैकी एकही गोष्ट पूर्णपणे पंचायतीच्या हातात नाही. म्हणून पंचायतीचे खरे बळ तिच्या अधिकारात जेवढे असते, त्याहून अधिक तिने इतरांशी जोडलेल्या संबंधांत असते. हे संबंध बिघडले की चांगली योजनाही बंद पडते.

ती कशी बंद पडते, हे थोडे तपशिलात पाहण्यासारखे आहे. समजा, मोटार जळाली. दुरुस्तीचा खर्च पंचायतीजवळ नाही, कारण पाणीपट्टी वसूल झालेली नाही. पाणीपट्टी वसूल झाली नाही, कारण वरच्या गल्लीतील काहींनी नळाला थेट मोटार लावून पाणी ओढून घेतले आणि शेवटच्या टोकाच्या वस्तीला ते मिळालेच नाही. पाणी न मिळालेली माणसे पट्टी का भरतील? पंचायत मंडळाच्या अभियंत्याकडे जाते. तो म्हणतो, योजना तुमच्या ताब्यात दिली आहे. मग सर्वजण मिळून एकच मागणी करतात : नवी कूपनलिका द्या. नवी कूपनलिका अधिक खोल जाते, जुनी तशीच पडून राहते आणि पाच-सात वर्षांनी पुन्हा हीच गोष्ट पहिल्यापासून सुरू होते. यात कोणी एक दुष्ट नाही. प्रत्येकाने आपापल्या जागेवरून योग्य तेच केले, असे प्रत्येकाला वाटत असते.

तमिळनाडूत या चक्राला धक्का देण्याचा एक प्रयत्न झाला, तो मात्र अनपेक्षित ठिकाणी. २००३-०४ च्या सुमारास, राज्यात पाण्याचे दुर्भिक्ष असताना, पाणीपुरवठा मंडळातील काही अधिकाऱ्यांनी गावकऱ्यांना शिकवण्याऐवजी स्वतः अभियंत्यांनाच एकत्र बसवले. या बैठकांना त्यांनी ‘कूडम्’ हे तमिळ नाव दिले. कूडम् म्हणजे जुन्या तमिळ घरातील मधला मोकळा सोपा. घरातील सर्व माणसे तेथे एकत्र बसतात व बोलतात. (तमिळमध्ये ‘कुडम्’ म्हणजे पाण्याची घागर. उच्चारात एका ऱ्हस्व-दीर्घाचाच फरक आहे.) या बैठकीत मुख्य अभियंता आणि कनिष्ठ अभियंता एकाच वर्तुळात बसत. वरिष्ठाने भाषण करायचे व इतरांनी माना डोलवायच्या, ही सरकारी बैठकीची रीत तेथे नव्हती. आपण बांधलेल्या किती योजना आज चालू आहेत? पाणी सर्वांत शेवटी कोणाला मिळते? आणि भूजल संपले तर आपल्या कामाचा उपयोग काय? असे अवघड प्रश्न तेथे चर्चेला आले.

या मंथनातून २००४ साली चेन्नईजवळील मरैमलै नगर येथे अभियंत्यांनी एक जाहीरनामा केला. आजवर ज्यांच्यापर्यंत पाणी पोहोचले नाही, त्यांच्यापर्यंत आधी पोहोचायचे, हा त्याचा गाभा होता. त्यात ‘दहा टक्के’ हा आकडा पुन्हा पुन्हा येतो : दरवर्षीच्या योजनांपैकी किमान दहा टक्के योजना जुन्या योजनांच्या पुनरुज्जीवनातून, देखभालखर्चात दहा टक्के घट, भांडवली खर्चात दहा टक्के बचत, असे. सरकारी जाहीरनाम्यात मोठमोठे आकडे वाचण्याची आपल्याला सवय आहे. त्या मानाने हे आकडे लहान आहेत. मला वाटते, ते लहान होते म्हणूनच मनावर घेतले गेले.

त्यानंतर निवडक ग्रामपंचायतींमध्ये याच रीतीने काम सुरू झाले. अभियंता गावात जाई, पण तयार आराखडा बरोबर नेत नसे. गावकऱ्यांसह तो गावभर फिरे, कोणता नळ गळतो, कोणती कूपनलिका बंद आहे, मोटार किती तास चालते, हे सर्वांसमक्ष पाहिले जाई. ही माहिती आजवर कोणापासून लपवलेली नव्हती. ती एकत्र कधी पाहिली गेली नव्हती, एवढेच. अनेक ठिकाणी असे आढळले की नव्या योजनेची गरजच नाही. जुनी जलवाहिनी दुरुस्त केली, गळती थांबवली, मोटार नेमून दिलेल्या वेळीच चालवली, तर तेवढेच पाणी पुरते आणि विजेचा खर्चही उतरतो. नव्या बांधकामाची मागणी करणारे लोक हिशेब स्वतः पाहिल्यावर दुरुस्तीला तयार झाले. सर्वत्र असेच घडले, असे नाही. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, उत्साह ओसरतो. तरीही ज्या प्रश्नाचे उत्तर आजवर पाइप व सिमेंट यांत शोधले जात होते, त्याचा मोठा भाग माणसांच्या परस्परसंबंधांत आहे, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

शेवटच्या टोकाचा प्रश्न केवळ उताराचा व दाबाचा नसतो, हेही येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तमिळनाडूतील अनेक गावांत मुख्य वस्ती व दलितांची वस्ती अशा वेगळ्या असतात. पहिलीला ‘ऊर’ व दुसरीला ‘चेरी’ म्हणतात. जलकुंभ ऊरमध्ये उभा राहिला, की चेरी आपोआप टोकाला जाते. पाण्यावरील हक्क म्हणजे माणूसपणाचा हक्क, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर दाखवून दिले. जलवाहिनी कोणत्या गल्लीतून आधी न्यायची हा निर्णय तांत्रिक दिसतो, पण तो घेताना चेरीतील माणूस बैठकीत बसलेला आहे की नाही, यावर बरेच काही ठरते.

आता शेतकऱ्यांकडे वळू. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात कुरुवै हे भाताचे पहिले पीक मेट्टूर धरणाच्या पाण्यावर येते. हे धरण १९३४ साली पूर्ण झाले. १२ जूनला त्याचे दरवाजे उघडण्याची प्रथा आहे. परंतु २०१२ ते २०१९ या सलग आठ वर्षांत धरणात पुरेसा साठा नसल्याने ती तारीख पाळता आली नाही; २०२० साली ती पुन्हा पाळली गेली. कालव्याला पाणी नसले की शेतकरी कूपनलिका चालवतो. तमिळनाडूत शेतीला वीज मोफत आहे, त्यामुळे मोटार थांबवण्याचे कारणही उरत नाही. परिणामी शेतातील मोटार आणि गावाच्या पाण्याची मोटार एकाच भूजलासाठी स्पर्धा करतात. शेतकरी व पाणी भरणारी गृहिणी बहुधा एकाच घरातील असतात, पण घरात हा विषय निघत नाही.

त्या भागात पाण्यासाठी एकत्र येण्याची रीत नवी नाही. तळी व कालवे यांचा गाळ गावकऱ्यांनी मिळून काढण्याच्या जुन्या पद्धतीला ‘कुडिमरामत्तु’ म्हणतात. कुडि म्हणजे रयत व मरामत्तु म्हणजे मरम्मत. हा दुसरा शब्द मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. इंग्रजी अमदानीत १८५८ साली या श्रमाची कायद्याने सक्ती करण्यात आली आणि आपखुषीचे काम वेठीसारखे झाले. २०१७ साली राज्यशासनाने ही पद्धत शेतकरी संघटनांच्या सहभागातून पुन्हा सुरू केली. तळ्यात पाणी साठले की भोवतालच्या विहिरी व कूपनलिका भरतात. म्हणजे शेतीसाठी काढलेला गाळ पिण्याच्या पाण्यालाही उपयोगी पडतो.

काही गावांना मात्र स्वतःचे भूजल उपयोगी पडत नाही. समुद्राकडे जावे तसे ते खारे होत जाते. म्हणून कावेरीची मोठी शाखा कोळ्ळिडम् हिच्या वाळूतून पाणी उपसून ते मैलोगणती दूरच्या गावांना पुरवले जाते. वेदारण्यम्‌सारखा किनाऱ्यावरील भागही या नदीच्या पाण्यावर अवलंबून आहे. आपण अशा योजनांना प्रादेशिक नळ पाणीपुरवठा योजना म्हणतो. येथे पंचायतीची अडचण निराळी असते. जलवाहिनीच्या सुरुवातीच्या गावांनी जास्त पाणी घेतले, तर शेवटच्या गावचा जलकुंभ रिकामा राहतो. नदीपात्रातील वाळूचा बेसुमार उपसा झाला, तर पाणी धरून ठेवणारा थरच नाहीसा होतो. शेवटच्या गावच्या पंचायतीने स्वतःच्या हद्दीत कितीही चांगला कारभार केला, तरी तिचे पाणी दुसऱ्याच्या हद्दीत ठरते. तिला शेजारच्या पंचायतींशी, जिल्हाधिकाऱ्यांशी, मंडळाशी सतत बोलत राहावे लागते.

आणि बोलायला कोणी नसेलच तर? हा केवळ कल्पनेचा प्रश्न नाही. तमिळनाडूतील पंचायतींची मुदत ऑक्टोबर २०१६ मध्ये संपली आणि निवडणुका लांबल्या. तंजावर जिल्ह्यात त्या डिसेंबर २०१९ मध्ये झाल्या. मधली तीन वर्षे कारभार विशेष अधिकाऱ्यांकडे होता. नेमक्या त्याच २०१६ साली ईशान्य मोसमी पावसाने फार मोठी दगा दिली व राज्यात तीव्र दुष्काळ पडला. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘गज’ चक्रीवादळ वेदारण्यम्‌जवळ किनाऱ्याला धडकले, विजेचे हजारो खांब पडले आणि कित्येक गावांत जलकुंभ भरण्यासाठी जनित्रे भाड्याने आणावी लागली. दुष्काळ आणि वादळ या दोन्ही वेळी गावाला स्वतः निवडलेला पंचायत अध्यक्ष नव्हता. विशेष अधिकारी कामसू असू शकतो. परंतु त्याच्याकडे अनेक गावे असतात आणि त्याच्या दारावर रात्री अकराला थाप मारता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये त्या पंचायतींची मुदत संपली, तेव्हाही पुन्हा विशेष अधिकारीच नेमले गेले.

महाराष्ट्रात याच विचाराचे मोठे उदाहरण म्हणजे २००३ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेला ‘जलस्वराज्य’ प्रकल्प. त्यात योजनेची मागणी गावाने करायची, भांडवली खर्चाचा दहावा हिस्सा लोकवर्गणीतून उभा करायचा (आदिवासी गावांसाठी हा हिस्सा कमी होता) आणि काम ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने करवून घ्यायचे, अशी रचना होती. दोन गोष्टी विशेष होत्या. समितीचा खर्च तपासण्यासाठी गावातच वेगळी सामाजिक लेखापरीक्षण समिती असे. आणि ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेतली जाई. मोठ्या सभेत मागे बसणाऱ्या स्त्रिया या सभेत बोलत. नळकोंडाळे कोठे असावे, पाणी कोणत्या वेळी सोडावे, याविषयी त्यांचे म्हणणे पुरुषांच्या म्हणण्याहून वेगळे असे. पहाटे चारला पाणी सोडणे कर्मचाऱ्याच्या सोयीचे असेल. झोप मात्र तिची मोडते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने आणखी पुढचे पाऊल टाकले. तेथे दरवर्षी पावसाचा हिशेब मांडून कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरते आणि शेतीसाठी कूपनलिका घेण्यास गावानेच बंदी घातली आहे. कुंभकोणम्‌च्या परिसरात घरातसुद्धा न निघणारा विषय तेथे चावडीवर निघतो.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी केंद्रशासनाने जलजीवन मिशन जाहीर केले. त्या वेळी देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे १७ टक्के कुटुंबांकडेच नळजोडणी होती. प्रत्येक घरी माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने द्यावे, असे उद्दिष्ट ठरले. त्यातही गावपातळीवरील पाणी समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात व गावातील पाच स्त्रियांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण द्यावे, अशी तरतूद आहे. त्यानंतर नळजोडण्या झपाट्याने वाढल्या. परंतु नळ बसवणे हे ठेकेदाराचे काम आहे आणि ते काही महिन्यांत संपते. त्यातून वीस वर्षे पाणी येत राहणे, हे वर सांगितलेल्या सर्व माणसांचे काम आहे.

तमिळनाडूत २०२२ पासून वर्षाला सहा ग्रामसभा ठरवून दिल्या आहेत व त्यांपैकी एक २२ मार्चला, म्हणजे जागतिक जलदिनी, घ्यायची असते. आपल्या गावच्या ग्रामसभेला जाल, तेव्हा चार गोष्टी विचारून पाहा. गेल्या महिन्यात पाण्याच्या मोटारीचे वीजदेयक किती आले? पाणीपट्टी किती जमली? पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली व अहवाल कोठे लावला आहे? आणि सर्वांत शेवटच्या घराला काल किती घागरी मिळाल्या? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे ग्रामपंचायतीच्या दप्तरात असतात. चौथ्यासाठी त्या घरातील बाईला सभेत बोलवावे लागते.